तुपातली तपकीर

तपकीर निवडताना बहुतेक जण डबी आधी नाकाशी नेतात. मी चिमूट आधी बोटांत चोळून बघतो. दळण किती बारीक, ओल किती, कातडीवर तेलकटपणा राहतो का, एवढं कळलं की निम्मी तपकीर कळली. सुगंधाचं नंतर बघू.

ही सवय आजोबांची. गडहिंग्लजच्या घरी ते मद्रासी तपकीर ओढायचे. फिकट, कोरडी, अगदी वस्त्रगाळ. पुढे मी कमावता झाल्यावर पहिल्यांदा त्यांच्यासमोर चिमूट घेतली, तेव्हा त्यांनी हात धरला. "ओढायची नाही रे, हुंगायची." अंगठा आणि तर्जनीत मावेल तेवढीच घ्यायची आणि श्वास अगदी हलका ठेवायचा. जोर केला की भुकटी सरळ घशात जाते, ठसका लागतो, आणि तपकिरीची म्हणून जी मजा आहे ती नाकातच यायची राहून जाते.

मद्रासी तपकिरीत चुना असतो आणि तूपही. चुन्याचं काम आपल्याला ठाऊकच आहे, तळहातावर तंबाखू मळताना करतो तेच. त्याने निकोटीन मोकळं होतं आणि नाकाच्या आतल्या नाजूक अस्तरातून चटकन रक्तात उतरतं. म्हणून ही तपकीर एकदम कपाळात जाते, डोळ्यांत पाणी येतं. त्या धगीला आवर घालतं ते तूप. निदान माझ्या नाकाला तरी तसंच जाणवतं.

नोकरीमुळे जर्मनीतल्या बवेरियात रेगेन्सबुर्गला आलो आणि इथे तुपाची पुन्हा गाठ पडली! हे गावच तपकिरीचं. बर्नार्ड बंधूंचा कारखाना १८१२ पासून थेट १९९८ पर्यंत इथल्या जुन्या शहरात, गेझांटनश्ट्रासेवर चालला. आता त्याच वास्तूत तपकिरीचं संग्रहालय आहे. या बाजूला आलात तर ते चुकवू नका.

इथल्या तपकिरीला श्माल्त्सलर म्हणतात. ब्राझीलच्या तंबाखूची, आंबवलेली, जवळजवळ काळी, रवाळ आणि ओलसर. पूर्वी तिच्यात लोणी कढवून केलेलं तूप घालायचे, म्हणजे आपलं लोणकढं तूपच. आता त्याच्या जागी बिनवासाचं खनिज तेल आलंय. मद्रास आणि बवेरिया या दोन टोकांच्या माणसांना तंबाखूच्या भुकटीत तूपच घालावंसं वाटलं, याचा मला अजून आनंद होतो. परिणाम मात्र अगदी वेगळा. श्माल्त्सलर झोंबत नाही. ती नाकपुडीत बसून राहते आणि मनुकांचा, थोडा कोकोचा, खाली आंबूस मातकट असा वास हळूहळू सोडत जातो. अर्धा तास तरी पुरते. रुमाल मात्र गडद रंगाचाच ठेवा.

घ्यायची रीतही वेगळी. बवेरियाच्या जंगलपट्टीत काच बनवणारी गावं आहेत. तिथल्या कारागिरांनी तपकिरीसाठी चपट्या, अरुंद तोंडाच्या रंगीत कुप्या घडवल्या. फ्राउएनाउच्या काचसंग्रहालयात त्या बघायला मिळतात. माझ्याकडे एक निळी आहे, आत पांढऱ्या काचेची वळसेदार रेघ. कुपी मनगटावर हलकेच आपटायची, हाताच्या पाठीवर छोटी रास पडते, तीच हुंगायची. शेजारचे आजोबा एकाच हाताने इतक्या सफाईने करतात की एक कण सांडत नाही. इथे तपकिरीच्या स्पर्धाही होतात, एका मिनिटात ५ ग्रॅम नाकात कोंबायच्या. मला ते बघवत नाही. चांगल्या मालाची ती नासाडी आहे.

इंग्लिश तपकीर या दोन्हींच्या मधली. १७०२ मध्ये व्हिगोच्या बंदरात इंग्लिश आरमाराने स्पॅनिश जहाजांवरचा तपकिरीचा मोठा साठा लुटला आणि तिथून इंग्लंडात तिची चटक पसरली. शेफील्डला १७३७ पासून विल्सन, केंडलला १७९२ पासून गाविथ, ही जुनी घराणी. बर्गमॉटचा लिंबूवर्गी वास असलेली 'एसपी' सकाळी छान वाटते. भाजक्या वासाची, कोरडी 'टोस्ट' मात्र मला सगळ्यात प्रिय, कारण ती आजोबांच्या डबीच्या सगळ्यात जवळ जाते. तिच्यात लपायला काही नाही, नुसती तंबाखू. मेन्थॉलवाली मी घेत नाही. थंडाव्याखाली तंबाखूचं पान कसं होतं ते कळतच नाही.

आणि हे सांगायलाच हवं: धूर नाही म्हणून तपकीर निरुपद्रवी नाही. निकोटीनची सवय लागते, नाकाचं अस्तर खराब होतं. आपल्याकडे बायका ती दातांना लावतात, त्याने तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. ज्यांना सवय नाही त्यांनी माझं वाचून सुरू करू नये. मी स्वतः रोज घेत नाही.

पुढच्या सुट्टीत कोल्हापूर, निपाणी, बेळगाव फिरणार आहे. सुटी, पुडीत बांधून मिळणारी तपकीर तिकडे कुठल्या बाजारात अजून मिळते, आणि तिच्यात तूप घालतात की नाही, कुणाला ठाऊक असेल तर नक्की कळवा.