सळईची रेषा

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतून निघालेली सळई एकदा काँक्रीटमध्ये गेली की पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. घराच्या स्लॅबमध्ये, पुलाच्या खांबात, पाण्याच्या टाकीच्या भिंतीत ती आयुष्यभर झाकलेली राहते, आणि कधी उघडी पडून दिसू लागलीच तर बांधकामाचे काहीतरी बिघडले आहे असे समजून घरमालक धास्तावतो. माझ्या वडिलांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. ते सव्वीस वर्षे एका रोलिंग मिलमध्ये सांडशी धरून उभे राहिले; लालबुंद सळई एका रुळातून बाहेर पडली की तिचे तोंड धरायचे आणि ती पुढच्या रुळात घालायची, हे त्यांचे काम होते. इतक्या वर्षांत त्यांच्या हाताखालून गेलेल्या पोलादातला हातभर तुकडासुद्धा ते आज कोणाला दाखवू शकत नाहीत. मी शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे असेल कदाचित, पण ज्या गावाचे पोट पोलादावर भरते त्या गावाच्या चौकांत आणि बागांत पोलादाचे एकही शिल्प का असू नये, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

आपल्या चौकांत पुतळे आहेत आणि ते असलेच पाहिजेत, कारण ज्यांच्या विचारांवर आपण उभे आहोत त्यांच्यापुढे वाकण्याच्या त्या जागा आहेत. मी म्हणते ते शिल्प निराळे आहे. ते कोणा व्यक्तीचे नसते. पत्रा, पाइप, सळई, गर्डर यांना जोडून उभी केलेली ती एक आकृती असते, आणि येता-जाता ती पाहणाऱ्याला त्या धातूचे वजन, ताण आणि तोल जाणवावा एवढीच तिची अपेक्षा असते. मराठवाड्यातल्या माणसाला शिल्प म्हटले की वेरूळचे कैलास लेणे आठवते. तिथे डोंगर वरून खाली कोरत नेला आणि नको तो दगड काढून टाकला. पुतळा ओतला जातो. पोलादाचे शिल्प मात्र जोडून वाढते, आणि ही जोडण्याची रीत कलावंतांना कारखान्यानेच शिकवली. स्पेनचा शिल्पकार हुलिओ गोन्झालेझ १९१८ मध्ये फ्रान्समधल्या रेनॉच्या कारखान्यात कामाला असताना गॅस वेल्डिंग शिकला, आणि दहा वर्षांनी पिकासोसोबत काम करताना तीच विद्या त्याने लोखंडी शिल्पांसाठी वापरली. अमेरिकेचा डेव्हिड स्मिथ १९२५ मध्ये स्टुडबेकरच्या मोटार कारखान्यात कामगार होता, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याने रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात वेल्डर म्हणून पाळ्या केल्या. ही माहिती मी अण्णांना वाचून दाखवली तेव्हा त्यांनी दोन्ही नावे मला पुन्हा म्हणायला लावली.

या सगळ्यात मला सर्वांत जवळचे वाटते ते पोलंडच्या उत्तरेकडचे एल्ब्लाँग हे गाव. १९४५ च्या लढाईत ते मोठ्या प्रमाणावर उद्ध्वस्त झाले, आणि जुन्या पेठेची जागा तर त्यानंतर कित्येक दशके मोकळीच पडून होती. गावात झामेख नावाचा टर्बाइन बनवणारा मोठा यंत्र कारखाना होता. गेरार्द क्वियात्कोव्स्की या चित्रकाराने १९६१ मध्ये तिथल्या एका जुन्या, पडझड झालेल्या चर्चमध्ये 'एल' नावाचे कलादालन सुरू केले, आणि १९६५ मध्ये त्याने व मारियान बोगुश या कलावंताने मिळून देशभरातले शिल्पकार आणि चित्रकार एल्ब्लाँगला बोलावले. कारखान्याने पोलाद दिले, यंत्रे दिली आणि आपली माणसे दिली. कलावंतांनी नमुने आणायचे आणि वेल्डर, गॅस कटर, फिटर यांच्यासोबत उभे राहून ते मोठ्या आकारात घडवायचे, अशी ती रीत होती. त्या उन्हाळ्यात चाळीसच्या आसपास शिल्पे तयार झाली आणि रस्त्यांच्या कडेला, हिरवळीवर, चौकांत उभी राहिली. त्यांना शिल्प असेही न म्हणता 'अवकाशातील आकार' म्हटले गेले. दर दोन वर्षांनी हा उपक्रम पुढेही १९७३ पर्यंत चालू राहिला.

त्या पहिल्या वर्षी आलेल्यांत माग्दालेना अबाकानोविच होती. पुढे जगभर तिचे नाव झाले ते दोऱ्याच्या आणि सुतळीच्या प्रचंड विणकामामुळे, पण एल्ब्लाँगमध्ये तिने पोलाद हाताळले. पैठणीच्या मुलखात राहणाऱ्या मला हे वाचून फार बरे वाटले. मागावर बसणारा हात पोलादाच्या पत्र्यालाही वळण देऊ शकतो, फक्त त्याच्या शेजारी पत्रा कापणारा जाणता माणूस हवा. एल्ब्लाँगच्या शिल्पांचे मोल मला इथेच दिसते. कारखान्याने पैसे दिले आणि शिल्पे बाहेरून विकत आणली, असे तिथे घडले नाही. ज्याने पाळी संपवून जोड मारला तो माणूस संध्याकाळी मुलांना घेऊन त्याच रस्त्याने फिरायला जात होता. त्या शिल्पांपैकी काही नाहीशी झाली, काहींची वर्षानुवर्षे हेळसांड झाली, काहींची नंतर डागडुजी झाली. पण आजही त्या गावात फिरताना ती भेटतात.

इटलीतही १९६२ मध्ये असाच प्रयोग झाला. इटालसिडर या सरकारी पोलाद कंपनीने आपले कारखाने शिल्पकारांना उघडून दिले, आणि जेनोवाजवळच्या व्होल्त्री येथील बंद पडलेल्या कारखान्यात डेव्हिड स्मिथने तीस दिवसांत सत्तावीस शिल्पे केली. तिथे पडलेल्या जुन्या सांडशा, नट आवळायचे पाने, चाके आणि पत्र्यांचे तुकडे हेच त्याचे साहित्य होते. ही शिल्पे स्पोलेतो या डोंगरावरच्या जुन्या गावात मांडली गेली. तिथेच रेल्वे स्टेशनसमोर अलेक्झांडर काल्डरचे अठरा मीटर उंचीचे काळे पोलादी शिल्प आहे. त्याच्या पायांमधून रस्ता जातो.

आता गंजाबद्दल लिहायला हवे, कारण मी हा विषय काढला की पहिला आक्षेप तोच येतो. उघड्यावरचे पोलाद गंजणारच. पण गंज सगळीकडे सारखा वागत नाही. अमेरिकेतल्या यू. एस. स्टील कंपनीने १९३३ मध्ये मालगाडीच्या डब्यांसाठी कॉरटेन नावाचे पोलाद बाजारात आणले. त्यात थोडे तांबे, क्रोमियम, फॉस्फरस असे घटक असतात, त्यामुळे त्यावर चढणारा गंज घट्ट बसतो आणि आतल्या धातूचे रक्षण करतो. इंग्लंडमधल्या गेट्सहेड येथे १९९८ मध्ये उभे राहिलेले अँटनी गॉर्मली यांचे 'एंजल ऑफ द नॉर्थ' अशाच पोलादाचे आहे. त्याची उंची २० मीटर, पंखांचा पसारा ५४ मीटर आणि वजन २०० टन आहे. ते जहाजबांधणी आणि पोलादाच्या हार्टलपूल गावात घडवले गेले आणि जुन्या कोळसा खाणीच्या जागेवर उभारले गेले. उभारण्यापूर्वी तिथल्या पुष्कळ लोकांचा त्याला विरोध होता, आज तेच त्या परिसराची ओळख आहे. फॉस्फरसची किमया आपल्याकडे तर त्याहून कितीतरी आधी सिद्ध झालेली आहे. दिल्लीचा मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षांचा, सात मीटरहून उंच आणि सहा टनांहून जड आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण जास्त असल्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर तयार झाला, असे धातुशास्त्रज्ञ सांगतात. कॉरटेनवरचा गंज घट्ट बसण्यासाठी धातूने भिजले पाहिजे आणि मग पुरते वाळलेही पाहिजे. समुद्राच्या खाऱ्या हवेत ते जमत नाही. आपल्याकडे वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत, आणि उरलेले आठ महिने कोरडी हवा. ज्या कोरडेपणाने मराठवाड्याला रडवले, तो पोलादाला मात्र मानवतो.

पण पाणी साचले तर कोणतेच पोलाद टिकत नाही, आणि हे मी पुस्तकातून शिकले नाही. पाच वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या आवारात एक शिल्प करायचे ठरले. जालना जसे पोलादाचे तसे बियाण्यांचेही गाव आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाणे कंपनी इथेच सुरू केली. म्हणून आठवी-नववीच्या मुलांनी पेरणीच्या तिफणीचा आकार निवडला: वर बी टाकायचे वाडग्यासारखे चाडे, त्यातून खाली उतरणाऱ्या तीन नळ्या आणि टोकाला तीन फण. शाळेजवळच्या फॅब्रिकेशनवाल्यांनी भंगारातल्या एका जुन्या टाकीचे बूड कापून त्याचे चाडे केले, दीड इंची पाइपच्या नळ्या त्याला खालून जोडल्या आणि नऊ फूट उंचीची ती आकृती फणांच्या टोकांवर थेट मातीत रोवली. निळा रंग मुलांनीच दिला. दिसायला ती फार देखणी होती.

पहिल्या पावसाळ्यात चाडे पाण्याने भरले आणि दिवाळीपर्यंत भरलेलेच राहिले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्याच्या बुडाचे पापुद्रे सुटू लागले, आणि नळ्या जिथे मातीत शिरत होत्या तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचला तर तो सहज आत जाऊ लागला. जमिनीच्या रेषेवर ओल आणि हवा दोन्ही एकत्र मिळतात, म्हणून लोखंड तिथे सर्वांत आधी खाल्ले जाते, हे आम्हाला कोणालाच सुचले नव्हते. मी अण्णांना शाळेत घेऊन गेले. ते पायरीवर चढले, चाड्यात डोकावले आणि म्हणाले, "अगं, चाड्याला भोकं कुठायत? भोकाबिगर बी खाली कसं पडंल?" खऱ्या तिफणीच्या चाड्याला बुडाशी तीन भोके असतात आणि त्यांतूनच बी नळ्यांत उतरते. आम्ही बाहेरचा आकार हुबेहूब घेतला होता, पण चाडे कशासाठी असते ते विसरलो होतो. गॅस कटरने तीन भोके पाडली, तेव्हापासून पाणी नळ्यांतून खाली उतरून जाते. खाली काँक्रीटचा ओटा केला, त्यावर जाड पट्ट्या बोल्टने बसवल्या आणि नळ्यांची कुजलेली टोके कापून त्या पट्ट्यांना नव्याने जोड मारले. नळ्यांच्या खालच्या टोकांना तिरपे काप ठेवले, म्हणजे पाणी आत अडकत नाही.

या अनुभवानंतर जालन्याच्या चौकांसाठी कोणते शिल्प हवे याबद्दल माझे मत पक्के झाले आहे. आपल्याकडच्या भट्ट्यांत भंगार सोळाशे अंशांच्या आसपास वितळते, त्याचे बिलेट, म्हणजे ओतलेली चौकोनी कांब, होते आणि बिलेटची सळई होते. जाड, रुंद पत्रा हे आपले मुख्य उत्पादन नाही. म्हणून गेट्सहेडसारखे भरीव काही करण्यासाठी दुसरीकडून पत्रा आणण्यात अर्थ नाही. आपल्याकडे सळई आहे, आणि सळई म्हणजे मुळातच एक रेषा आहे. गोन्झालेझ लोखंडाने अवकाशात रेषाच ओढत होता. आठ मिलिमीटरपासून बत्तीस मिलिमीटरपर्यंतच्या सळया म्हणजे बारीक-जाड रेघांची तयार पेटी आहे. तापलेल्या सळईवर पाण्याचे फवारे मारल्यामुळे तिची कड टणक होते आणि गाभा लवचीक राहतो, त्यामुळे ती वाकवता येते आणि वाकूनही ताठ उभी राहते. मंठा चौफुली किंवा अंबड चौफुलीसारख्या ठिकाणी, जिथे चारी बाजूंनी माणूस येतो, तिथे सळयांची आरपार दिसणारी आकृती वाहनचालकाची नजरही अडवणार नाही. अर्थात सळईच्या अंगावरच्या कंगोऱ्यांत पाणी धरते, म्हणून तिला जस्ताचा मुलामा किंवा नियमित रंग द्यावाच लागेल. टोके गोल करून बंद करावी लागतील, कारण मुले चढणारच. आणि शिल्प हाताच्या अंतरावर असेल तर ते कडुनिंबाच्या सावलीत हवे. आपल्याकडच्या मे महिन्यात उन्हातल्या लोखंडाला हात लावून पाहिलेल्या कोणालाही याचे कारण सांगावे लागणार नाही.

ते घडवणारी माणसे इथेच आहेत. सांडशीवाले, वेल्डर, कटर, आणि त्यांच्या आधीपासून रस्त्याच्या कडेला भाता लावून विळे-कुऱ्हाडी घडवणारे घिसाडी. शिल्पाच्या ओट्यावर कलावंताच्या नावाच्या आकाराच्याच अक्षरांत त्यांची नावे असावीत, आणि त्याच पाटीवर पुढचा रंग कोणत्या महिन्यात द्यायचा तेही लिहिलेले असावे.

आमच्या तिफणीच्या ओट्यावर आम्ही तसे लिहिले आहे. या वर्षीचे काम मेच्या दुसऱ्या आठवड्यात आहे: वायर ब्रशने घासणे, चाड्यातला पाचोळा काढून तिन्ही भोके मोकळी करणे, रेड ऑक्साइडचा एक हात आणि त्यावर निळ्याचे दोन. नववीच्या आठ मुलांनी नावे दिली आहेत. भोके मोकळी करण्याचे काम अण्णांनी स्वतःकडे मागून घेतले आहे.