कव्हरस्लिपांची चळत, नोंद चौथी: सरासरीच चुकत होती

कव्हरस्लिपा, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली वापरतात त्या पातळ काचा, एकावर एक रचून लेझरचा किती प्रकाश पलीकडे पोचतो ते मी मोजतोय. वीस काचांवर गाडी अडली होती, ती रविवारी सुटली.

मागच्या नोंदी न वाचलेल्यांसाठी: काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सरळ आलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के परत पाठवतो. वीस काचा म्हणजे चाळीस पृष्ठभाग. प्रकाश म्हणजे नुसते किरण मानून आतली सगळी ये-जा (पृष्ठभागांमध्ये पुन्हा पुन्हा होणारं परावर्तन) बेरजेत घेतली, तर पलीकडे साडेसदतीस टक्के पोचायला हवा. हा हिशेब भौतिकशास्त्रज्ञ स्टोक्सने १८६२ सालीच मांडला. पण तरंगांचा हिशेब वेगळा. जाडी नि फटी वेड्यावाकड्या असल्या की उरतो ०.९६ चा चाळिसावा घात, म्हणजे साडेएकोणीस टक्के. गंमत बघा, आतली ये-जा साफ विसरून नुसता गुणाकार करणाऱ्यालाही हेच उत्तर मिळतं! अनियमित पदार्थात इलेक्ट्रॉनांच्या लाटा जागीच अडकून पडू शकतात, असं भौतिकशास्त्रज्ञ अँडरसनने १९५८ मध्ये सांगितलं; त्याचंच हे प्रकाशातलं रूप. बेरी आणि क्लाइन यांनी १९९७ मध्ये ते ट्रान्स्परन्सीच्या (ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या पानांच्या) चळतीवर दाखवलं.

अनियमितपणा मुद्दाम आणावा लागत नाही, तो डबीतच मिळतो. कव्हरस्लिपची जाडी ०.१३ ते ०.१६ मिमी, लाल लेझरची काचेतली अर्धी तरंगलांबी जेमतेम ०.२ मायक्रॉन.

माझा घोळ दोन ठिकाणी होता. एक, लेझरचा ठिपका मोठा. काचा किंचित कलत्या असल्याने एकाच ठिपक्यात तरंगांच्या मिसळीचे आठ-दहा उजळ-काळे पट्टे यायचे आणि प्रकाश मोजणारा फोटोडायोड आपणहून सरासरी काढून मोकळा. आता फॉइलला सुईने भोक पाडून पुढे लावलंय. काडेपेटीच्या काडीने कोपरा दाबला की मल्टिमीटरवरचा आकडा १२ टक्क्यांवरून थेट ४१ वर उडी मारतो. तासभर नुसता तोच खेळ खेळलो.

दुसरा घोळ माझ्या वहीत. तीस वेळा चळत विस्कटून नव्याने रचली. साधी सरासरी आली २७. थर गुणाकाराने काम करतात, त्यामुळे एखादी नशीबवान रचना साध्या सरासरीला वर ओढते. प्रत्येक वाचनाचा लॉग घेऊन मग सरासरी काढली, ती परत टक्क्यांत आणली, आणि आले २१!

उरलेला दीड टक्का धुळीच्या माथी मारता येत नाही, धुळीने आकडा खाली गेला असता. कल अजून थोडा शिल्लक असणार.

पुढे तीस काचा: किरण म्हणतात साडेअठ्ठावीस, तरंग म्हणतात साडेआठ. चार स्लिपा पुसताना फुटल्या, नवी डबी आणायची आहे.