चार फूट भरावाखाली काय आहे?

कोल्हापुरात भरावाची जागा कुठली, हे जुन्या माणसांना विचारावं. वरुणतीर्थ बुजवून गांधी मैदान झालं, कपिलतीर्थावर मंडई बसली. मैदानाला, मंडईला ते चालून गेलं. पण आता तसल्याच भरावावर तीन-तीन मजली घरं उठतायत, आणि मला काळजी वाटते ती त्यांची.

गेल्या महिन्यात बावड्याकडच्या एका प्लॉटवर जेसीबीनं खड्डा घेतला. वर फूटभर तांबडा मुरूम, पाय आपटला तरी टणक. त्याखाली विटांचे तुकडे, फुटक्या फरशा, प्लॅस्टिकच्या पिशव्या. तळाला ओली काळी माती. मालक म्हणाले, "साहेब, दोन पावसाळं खाल्लंय भरावानं. आता कुठं खचतोय?"

खचतो. राडारोड्यात पोकळ्या राहतात. ड्रेनेज गळलं किंवा पुराचं पाणी खालून चढलं की त्या एकदम दबतात, आणि सगळीकडे सारख्या दबत नाहीत. एक फुटिंग, म्हणजे खांबाखालचा पाया, खाली गेलं, शेजारचं जागेवर राहिलं, की खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. वर कितीही जाड सळी घाला.

तिथला सगळा राडारोडा उपसला. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टींनी दाखवलंय, की तिच्यावर न फुगणाऱ्या चिकट मातीचा मीटरभर थर चोपून दिला तर फुगवटा आटोक्यात राहतो. आम्ही मातकट मुरूम घेतला, २० सेंटिमीटरच्या थरानं. ओल किती? मूठ आवळली की गोळा व्हावा, तळहात ओला होऊ नये. नेमका आकडा प्रॉक्टर चाचणीतून येतो; किती ओलीला माती जास्तीत जास्त घट्ट बसते, हे ती प्रयोगशाळेत दाखवते. रोलर फिरला की लहान खड्डा घ्यायचा, निघालेला मुरूम तोलायचा, कोरडी वाळू ओतून खड्ड्याचं आकारमान काढायचं. एका थराला घनता प्रॉक्टरच्या कमाल कोरड्या घनतेच्या ९१ टक्के आली. मुरमाचा डंपर दारात उभा होता, तरी ९५ येईपर्यंत खाली करू दिला नाही.

पंचगंगेकाठी मात्र गाळ खोल, तिथं रोलर वरवरच काम करतो. नुसत्या कंपनानं वाळू बसते, चिकणमाती नाही. मग खडीचे खांब: भोक पाडून खडी ठासायची. ती भार घेते, शिवाय गाळातल्या पाण्याला वाट देते, त्यामुळं जमीन लवकर बसते. छोट्या घराला ते परवडत नसेल तर राफ्ट (घराखाली एकच सलग स्लॅब) किंवा पाइल (खोल घट्ट थरापर्यंत नेलेले खांब), पण एसपीटीचे, म्हणजे बोअरमध्ये घणाचे घाव घालून माती किती घट्ट ते मोजणाऱ्या चाचणीचे, आकडे बघूनच ठरवा. माती तपासायचा हा बोअर पायाच्या तळाखाली निदान त्याच्या रुंदीच्या दुप्पट खोल घ्यायला लावा, आणि रिपोर्टातली भूजलपातळी पावसाळ्यातली आहे का मे महिन्यातली, तेही विचारा.