तुम्ही विचारलंत म्हणून: पियानोत स्क्रू घालणाऱ्यांचं ऐकतं कोण?

मला असलं प्रायोगिक संगीत आवडतं हे कळलं की प्रश्न येतोच, की ही पियानोत स्क्रू घालणारी, टेप कापून चिकटवणारी मंडळी, यांचं ऐकतं कोण आणि आजच्या गाण्यांशी यांचा संबंध काय. पहिल्याचं उत्तर सोपंय, फार कोणी नाही. मी पण रोज नाही ऐकत, खोटं कशाला बोलू.

पण संबंध आहे ना. १९४८ मधे पॅरिसला पिएर शेफर या फ्रेंच संगीतकाराने रेल्वेचे आवाज रेकॉर्ड केले आणि त्यांचीच रचना केली, एकही वाद्य नाही. आज लॅपटॉपवर कोणीही दाराचा आवाज उचलून बीट बनवतं आणि त्याला सॅम्पलिंग म्हणतं, ते काय वेगळंय? बीटल्सनी १९६६ मधे 'टुमॉरो नेव्हर नोज'मधे टेपचे लूप (म्हणजे पुन्हापुन्हा वाजणारे तुकडे) घातले तेही याच लोकांचं ऐकून, बीटल्समधला मॅकार्टनी तेव्हा श्टॉकहाउझेन हा जर्मन प्रायोगिक संगीतकार ऐकत होता.

मला सगळ्यात भारी वाटतं ते हे, की यातलं बरंचसं अडचणीतून आलंय. जॉन केज या अमेरिकन संगीतकाराला एका नाचासाठी संगीत करायचं होतं, जागा एवढीशी की तालवाद्यं मावेनात, एक पियानो तेवढा होता, मग तारांमधे स्क्रू-बोल्ट अडकवून त्यालाच तालवाद्य केलं. स्टीव्ह राइश या दुसऱ्या अमेरिकन संगीतकाराने १९६५ मधे एका रस्त्यावरच्या धर्मोपदेशकाच्या आवाजाचे दोन सारखे लूप दोन टेप-मशिनवर लावले, लूप हळूहळू एकमेकांच्या पुढेमागे सरकले, आणि दुसऱ्या कोणी वैतागून मशिन बंद केली असती तिथे हा ऐकत बसला. त्यातून 'इट्स गॉना रेन' झालं, आणि तो पुढे वर्षानुवर्षं त्याच सरकण्यावर काम करत राहिला.

केजचं '४′३३″', ज्यात वादक चार मिनिटं तेहतीस सेकंद काहीच वाजवत नाही, ते तुम्ही ऐकलं असेलच (म्हणजे काय ऐकलं असेल!). त्यावर जोक खूप होतात, होऊ देत. स्टेजवर हे लोक करतात काय असं विचारणाऱ्यांना मी राइशचं १९६८ चं 'पेंड्युलम म्युझिक' सांगतो. स्पीकरच्या वर वायरने टांगलेले माइक, वादक ते मागे ओढून सोडून देतात, माइक स्पीकरवरून गेला की फीडबॅक (स्पीकरचाच आवाज माइकमधे परत गेला की होणारी शिट्टी) कुईं करतो. आपण साउंडचेकला ज्याला घाबरतो तोच आवाज! आणि वादक? सोडून दिलं की तेही खाली बसून ऐकतात, प्रेक्षकांसारखेच. माइक थांबतात, आवाज सलग होतो, मग कोणीतरी उठून अॅम्प्लिफायरची विजेची वायर काढतं, संपलं.