मित्रांशी पुन्हा बोलायला शिकताना

अपघातानंतर मी चालायला-बोलायला लागलो, तसे सगळे निर्धास्त झाले. मित्र मात्र त्यानंतरच दुरावत गेले. मार मेंदूच्या कपाळामागच्या भागाला, फ्रंटल लोबला बसला होता. बोलताना कुठे थांबायचं, समोरचा वैतागलाय की गंमत करतोय, हे उमगण्यात त्या भागाचा मोठा वाटा असतो. बाहेरून मी ठणठणीत दिसायचो, त्यामुळे माझा स्वभावच बदलला असं लोकांनी धरलं. त्याचं फार वाईट वाटायचं.

स्पीच थेरपिस्टनी एका जवळच्या मित्रालाच सोबत बोलावलं. ऑस्ट्रेलियात संशोधक लीॲन टोगर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मेंदूला मार बसलेल्या रुग्णाला एकट्याला शिकवण्यापेक्षा त्याच्याशी नेहमी बोलणाऱ्या माणसालाही सोबत शिकवलं तर गप्पा जास्त सुधारतात, असं दिसलं होतं. मला हे मनापासून पटलं. संवाद दोघांचा असतो, मग तालीम एकट्यानेच का करायची?

आमच्या गप्पांचं मोबाईलवर चित्रण केलं. त्यात मित्र घड्याळ बघतो, बॅग खांद्याला अडकवतो, "चल, निघतो" म्हणतो, आणि माझं बोलणं चालूच. समोर बसून मला यातलं काहीच दिसलं नव्हतं; पडद्यावर, थांबवून थांबवून पाहिल्यावर दिसलं. मग आमचं ठरलं: विषय भरकटला की त्याने टेबलावर तळहात ठेवायचा आणि कंटाळा आला तर सरळ सांगायचं.

त्यालाही सवय बदलावी लागली. "आपण सहलीला कुठे गेलो होतो, आठवतं का?" असं तो विचारायचा. उत्तर त्याला ठाऊक असायचं, मला परीक्षा दिल्यासारखं व्हायचं. आता तो म्हणतो, "त्या सहलीत काय पाऊस लागला होता!" आणि गप्प बसतो. त्या थांबण्यात माझे शब्द जुळतात.

भेटीगाठी आम्ही सकाळी, शांत जागी, दोघांतच ठेवल्या. चारचौघांत एकदम आवाज आले की डोकं शिणतं आणि सगळं शिकलेलं निसटतं. त्याच्या घरची खबरबात मी फोनमध्ये टिपून ठेवतो, भेटण्याआधी वाचतो. आईच्या ऑपरेशनबद्दल मी आपणहून विचारलं, तेव्हा तो किती तरी वेळ बोलत राहिला.

काही मित्र परत आले नाहीत. साध्या कॉलवर चेहरा दिसत नाही, त्यामुळे तिथे अजून अडखळतो. म्हणून व्हिडिओ कॉलच करा, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलंय.