शनिवारी धूर न निघणारी घरं

'सिन कार्ने', मांस नको, एवढं स्पॅनिश मी श्टुटगार्टहून पाठ करून निघाले होते. पण स्पेनमध्ये खामोन, म्हणजे डुकराची खारवून वाळवलेली मांडी, ही मांसात धरतच नाहीत! तोलेदोत पहिल्याच दुपारी मटारच्या उसळीत गुलाबी तुकडे आले. वेटरला दाखवले तर बिचारा खरोखर गोंधळला. मांस कुठंय? हे तर खामोन. त्याने ताट नेलं आणि मोठ्या मनाने सॅलड आणलं. वर ट्यूना. पुढचे नऊ दिवस हेच. सँडविचमध्ये खामोन, खरबुजाच्या फोडीवर अंथरलेलं खामोन. दुकानांच्या छताला ओळीने मांड्या टांगलेल्या आणि प्रत्येकीच्या टोकाला चरबी टिपायला प्लास्टिकची इवलीशी उलटी छत्री. नवरा अंडं खातो, त्यामुळे बटाट्याच्या ऑम्लेटवर त्याचं निभावलं. मी पाव आणि ऑलिव्हवर.

आम्ही निघालो होतो ज्यूंच्या जुन्या वस्त्या बघायला, गाडी भाड्याने घेऊन. (या गल्ल्या गाढवांसाठी बांधलेल्या आहेत. दोन्ही आरसे दुमडून नवरा कसा बाहेर पडला ते त्याला विचारा, तो तासभर सांगेल.) 31 मार्च 1492 ला राजाराणीने फर्मान काढलं: बाप्तिस्मा घ्या, नाहीतर जुलैअखेर देश सोडा. जे धर्म बदलून राहिले त्यांच्यावर इन्क्विझिशनची, म्हणजे पाखंड शोधणाऱ्या चर्चच्या न्यायालयाची नजर. लपलेला ज्यू ओळखायच्या खुणाच ठरलेल्या होत्या. डुक्कर खात नाही, चरबीऐवजी तेलात तळतो, शुक्रवारी संध्याकाळी धुतलेले कपडे घालतो, शनिवारी, म्हणजे शब्बाथ या विसाव्याच्या दिवशी, धुराड्यातून धूर निघत नाही. त्या हिशेबाने मी पहिल्या जेवणालाच पकडले गेले असते. कोर्दोबात तर तेलात तळलेले वांग्याचे काप, वर चक्क काकवी, असे दोन प्लेट हाणले. वांगंही तेव्हा संशयास्पदच.

आणि मला एकदम आपले शनवार तेली आठवले. कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्रायल, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना ठेवलेलं नाव. खूण तीच. इकडे त्या खुणेपायी माणूस जाळला गेला, आपल्याकडे तिचं टोपणनाव झालं. ही गोष्ट मी नवऱ्याला दिवसातून दोनदा ऐकवली. कोर्दोबाच्या चौकात मायमोनिडीझ या बाराव्या शतकातल्या ज्यू पंडिताचा पुतळा आहे, लोकांनी हात लावून लावून पावलं चकचकीत केलेला. हिंदुस्थानातले ज्यू शब्बाथ आणि सुंता सोडून काही जाणत नाहीत, असं या पंडिताने एका पत्रात लिहिलंय. ते आपले तेलीच असणार, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

तोलेदोचं एल त्रान्सितो सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, मात्र बघत राहावं असं. चौदाव्या शतकात राजाच्या खजिनदाराने बांधलेलं. भिंतभर चुन्याची जाळीदार नक्षी, त्यात हिब्रू ओळी, वर लाकडी छत. पुढे त्याच राजाने खजिनदाराला कैदेत टाकून छळून मारलं. इमारत चर्च झाली, आज संग्रहालय आहे. बाहेर रस्त्यात, इथे ज्यूंची वस्ती होती हे सांगायला, तळहाताएवढ्या निळ्या-पांढऱ्या फरशा बसवल्यात, एकीवर सात फांद्यांची समई, दुसरीवर हिब्रू अक्षरं. हाकललेल्यांच्या वंशजांना नागरिकत्व देणारा कायदाही 2015 मध्ये केला. कौतुक वाटलं, रागही आला. माणसं घालवायची आणि मग फरशा बसवायच्या! आपण कुणाला घालवलं नाही, म्हणून आपल्याकडे फरशा नाहीत, एवढंच.

हे मी वालेन्सिया दे आल्कान्तारात मोठ्याने म्हटलं. पोर्तुगालच्या सीमेवरचं गाव, दुपारी चारला चिटपाखरू नाही, टोकदार कमानींची दगडी दारं सगळी बंद. गार्सिया द ओर्ता हा सोळाव्या शतकातला, धर्म बदललेल्या ज्यू घरातला; त्याचे वडील मूळचे इथले. मुलगा सीमेपलीकडे जन्मला, वैद्य झाला, गोव्याला आला. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. 1568 मध्ये तो गेला, पुढच्या वर्षी त्याच्या बहिणीला गोव्यात जाळलं आणि 1580 मध्ये त्याचीही हाडं उकरून जाळली.

"गोवा आपल्याकडेच आहे ना?" नवरा म्हणाला.

"ते पोर्तुगीजांनी केलं."

"बरं. तुझं आजोळ अलिबागचं. इस्रायल आळीतलं सिनेगॉग आतून कसं आहे?"

किहीमकर, पेणकर, रोहेकर, कितीतरी आडनावं मला पाठ आहेत. आईच्या वर्गातली मैत्रीण इस्रायलला गेली, तिच्या घरच्या मलिद्याचे गोड पोहे आई अजून आठवते. पण गेले ते आपखुशीने गेले, आणि आम्ही तरी सुट्टीत किती दिवस जातो? तीन दिवस सासर, तीन दिवस माहेर, एक दिवस बँक. अलिबागला जाणं होतं ते शनिवारी. आणि शनिवारी ते आपल्यासारख्यांना दाखवायला उघडतील थोडंच?

नवऱ्याने गाडी सुरू केली. पुढच्या पेट्रोलपंपावर चीज सँडविच मागितलं. उघडून पाहिलं.