होळीची जाळी, दिवाळीची काच

फिश टँकबरोबर मिळणारा तयार हूड, म्हणजे टाकीवरचं झाकण, दिव्यासाठी बनवलेला असतो, पाण्यासाठी नाही. प्लास्टिकचं खोकं, आत एलईडीची पट्टी आणि पुढे खाणं टाकायला एक झडप. मुंबईच्या दमट हवेत तो चालत असेल. नाशिकला एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि डिसेंबरात निफाड पाच-सहा अंशांवर आल्याची बातमी येते, तेव्हा आपल्याही घरात रात्री हुडहुडी भरते. इथे वर्षभर एकच झाकण पुरत नाही. म्हणून मी ऋतूप्रमाणे बदलता येणारा हूड करून घेतला.

माझ्या टाकीत मिस केरळचा थवा आहे. चंदेरी अंग, काळी रेघ, तिच्यावर लाल पट्टा. केरळ आणि दक्षिण कर्नाटकात सह्याद्रीतून पश्चिमेला उतरणाऱ्या वाहत्या, गार नद्यांतला हा मासा. २०१३ मध्ये त्याच्या प्रजातीगटाला ‘सह्याद्रिया’ हे नाव मिळालं, म्हणून तो मला आपल्याच डोंगराचा वाटतो. निसर्गात तो आता संकटात आहे. त्यामुळे घ्यायचाच असेल तर हॅचरीत वाढवलेलाच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. या माशाच्या तीन गोष्टी हूड करताना लक्षात ठेवाव्या लागतात: तो उडी मारतो, त्याला प्राणवायू भरपूर लागतो आणि पाणी २८ अंशांच्या वर फार काळ राहिलेलं त्याला सोसत नाही.

पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. समुद्रसपाटीला २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम मावतो, ३२ अंशांना ७.३. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे इथे त्याहूनही थोडा कमीच. मासा धापा टाकतो तो नेमका अशा दिवसांत, आणि तेव्हाच आपण वरून घट्ट झाकण लावून बसतो!

टाकी गार ठेवायचा स्वस्त उपाय म्हणजे पाणी उडू देणं, माठाचंच तत्त्व. माझी टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर २५५ लिटर. त्यातलं एक लिटर पाणी बाष्प होऊन गेलं तर उरलेल्या पाण्यातून सव्वादोन अंशांइतकी उष्णता घेऊन जातं. खोलीतून काही उष्णता परत येतेच, तरी फरक पडतो. म्हणून हूडच्या मागच्या भिंतीत कॉम्प्युटरचे दोन १२ व्होल्टचे पंखे बसवले, हवा तिरपी पाण्यावर फेकणारे. उलटे लावून आतली दमट हवा बाहेर ओढली असती, तर ती सगळी पंख्याच्या बेअरिंगमधून गेली असती आणि गंज ठरलेलाच. पंखे टेम्परेचर कंट्रोलरवर आहेत, २७ अंशांना सुरू होतात. जुलै-ऑगस्टात मात्र हवाच ओली असते, तेव्हा पंख्यांचा फारसा उपयोग नाही.

आता मुख्य गोष्ट. हूडच्या आतून चारी बाजूंना सागवानी पट्टीची खाच काढली आहे. तिच्यावर एक चौकट बसते आणि ती बदलता येते. होळीला नायलॉनच्या जाळीची चौकट चढते: हवा खेळते, उडी मारलेला मासा परत पाण्यात पडतो. दिवाळीनंतर त्याच खाचेत ५ मिलिमीटर काचेचे दोन तुकडे बसतात. मग ऊब आत राहते आणि हीटरवरचा ताण कमी होतो. ॲक्रिलिक मी मुद्दाम टाळलं. खालून ओलावा नि वरून कोरडी हवा लागली की ते वाकतं, आणि वाकलेल्या कडेतून मासा बाहेर जायला बोटभर फट पुरते.

हूडचं खोकं प्लायचं, पट्ट्यांचं लाकूड मात्र घरचंच. सासरचा तांबट लेनमधला वाडा उतरवला तेव्हा निघालेलं सागवान आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, जपून ठेवलं होतं. ‘अगं, बिजागऱ्यासुद्धा त्याच लाव, किती सुरेख आहेत,’ त्या म्हणाल्या. सुरेख आहेतच. पण त्या पितळी. पितळेत तांबं असतं, हूडच्या आत सतत दव धरतं, ते ठिबकून पाण्यात जातं आणि तांबं गोगलगायींना विष आहे. माझ्याकडे काच साफ करणाऱ्या नेराइट गोगलगायी आहेत. आतली बिजागरी म्हणून स्टेनलेस स्टीलची, ३०४ ग्रेडची पियानो पट्टी, म्हणजे सलग लांब बिजागरी, घेतली. वाड्याच्या बिजागऱ्या खालच्या कपाटाच्या दारांना लागल्या. आई खूश, मीही.

पंचवटीचे मिस्त्री पहिल्यांदा म्हणाले, ‘ताई, वरून सनमायका मारून देतो, पाणी शिवणार नाही.’ मी म्हटलं, ‘मिस्त्री, पाणी वरून नाही हो येत, खालून बाष्प येतं.’ त्यांनी प्लायचा तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि मग स्वतःच कडा बंद करायची गोष्ट काढली. प्लाय आयएस ७१० शिक्क्याचा, म्हणजे मरीन प्लाय, घ्यायचा. त्याच्या डिंकाची परीक्षा ७२ तास उकळत्या पाण्यात होते. तरी कापलेली कड पाणी पितेच. म्हणून कडांना आधी इपॉक्सी, म्हणजे वाळून कडक होणारा राळेचा लेप, मग आतल्या सगळ्या बाजूंना दोन हात, त्यात पांढरा रंग, म्हणजे उजेड खाली परततो. जुन्या सागवानात तेल असतं, इपॉक्सी लावण्यापूर्वी ते ॲसिटोनने पुसावं लागतं. मिस्त्रींनी कोपरे कुसू, म्हणजे खाचेत बसणारी जीभ, काढून जोडले, एकही खिळा नाही. काम बघत राहावं असं.

इपॉक्सी पूर्ण वाळायला आठवडा द्यावा. वास राहिला असेल तर टाकीवर चढवू नये.

विजेचं मात्र कुणी हलकं घेऊ नये. एलईडी ६५०० केल्व्हिनचे, म्हणजे दिवसासारख्या पांढऱ्या उजेडाचे, ॲल्युमिनियमच्या प्रोफाइलमध्ये, आयपी ६७ चे, म्हणजे पाणी आत न शिरणारे. त्यांना वीज पुरवणारा ड्रायव्हर हूडच्या बाहेर. प्रत्येक वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन वर न्यायची, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळातून खाली पडतं, बोर्डात शिरत नाही. आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, हवाच.

उन्हाळ्यात पाणी उडतं पण क्षार मागेच राहतात. घटलेल्या पाण्याच्या जागी नळाचं पाणी घालत गेलं तर टाकीतल्या पाण्यात क्षार वाढून ते जड होत जातं, म्हणून भर आरओच्या पाण्याने घालावी. चौकट बदलताना, होळीला आणि दिवाळीनंतर, प्लायच्या कडांवरून नख फिरवून बघायचं. इपॉक्सी कुठे सुटली असेल तर त्याच दिवशी घासून नवा हात द्यायचा.